मैदानापलीकडचा ऊस

आमच्या तलवाड्यात क्रिकेट उन्हाळ्यात खेळलं जायचं. बाकीचा देश ते थंडीत खेळतो, हे मला शिकायला बीडला आल्यावर नीट कळलं. गावात दिवाळी झाली की ट्रक, ट्रॅक्टर येऊन लागायचे. माणसं भांडीकुंडी, शेळ्या, तान्ही लेकरं घेऊन वर चढायची आणि ऊस तोडायला निघून जायची. मग गावात म्हातारी माणसं, दुकानदार आणि पगारदारांची चार-दोन घरं तेवढी उरायची. क्षेत्ररक्षणाला उभी करायला पोरं नसायची. गुढीपाडव्याच्या आगेमागे ट्रक परत यायचे, तोवर जमिनीला भेगा पडलेल्या असायच्या. त्या भेगाळलेल्या, भाजणाऱ्या पडकात आमचा मोसम सुरू व्हायचा.

माझा दोस्त जाणाऱ्यांतला होता आणि मी राहणाऱ्यांतला. आमचं घर बौद्ध. आजोबा शिकले नाहीत, पण त्यांनी मुलांना उपाशी ठेवून शाळेत बसवलं, त्यामुळे माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी झाले. दोस्ताच्या घरी कोरडवाहू जमीन होती, दोन बैल होते आणि वर्षाचे पाच-सहा महिने साखर कारखान्यावर. गावाच्या उतरंडीत त्यांचं घर आमच्या वर होतं. पण थंडीत अंथरुणात झोपायला आम्हाला मिळायचं.

तो डावखुरा होता. लहानपणी डाव्या हातानं घास उचलला की त्याची आई चापट मारायची, म्हणून जेवायला तो उजवा झाला. बाकी सगळं डावीकडून. तो फिरकी टाकायचा. चार पावलं आल्यासारखं करायचा, हात वर जायचा आणि चेंडू हवेत थोडा जास्तच वेळ राहायचा. खेळणाऱ्याला वाटायचं, आलाच. तो पुढे यायचा आणि चेंडू त्याच्या अलीकडेच पडून बाहेर निघायचा. मी यष्टीमागे असायचो. निदान मला तरी तो कुठं वळणार हे कळायला पाहिजे होतं. माझा ओठ त्याच्या चेंडूनं दोनदा फाटला.

"सांगत जा की बे आधी, कोणता टाकणार ते," मी म्हणायचो.

"सांगितलं तर त्येला बी कळंल की," तो म्हणायचा. हसायचा नाही. गोलंदाजी करताना तो कधीच हसायचा नाही.

आम्ही अकरावीत होतो तेव्हा गेवराईला उन्हाळी स्पर्धा होती. मॅटिंगवर, लेदरच्या चेंडूनं. आम्ही हरलो, पण त्यानं समोरच्या संघाची मधली फळी एकट्यानं काढली. सामना बघायला बीडचे एक प्रशिक्षक आले होते. सामना संपल्यावर ते त्याच्याजवळ आले, त्याचा डावा हात हातात घेतला आणि ज्योतिष्यानं बघावा तसा उलटासुलटा करून बघितला.

"किती वर्षं टाकतोस?"

"उन्हाळ्यात टाकतो सर."

त्यांना वाटलं, पोरगं गमतीनं बोलतंय. त्यांनी त्याला बीडच्या शिबिराला बोलावलं. तो एकटा जायला तयार नव्हता, म्हणून मलाही.

तो सबंध महिना आम्ही पहाटेच्या एसटीनं बीडला जात होतो. तिथलं स्टेडियम आम्हाला फार मोठं वाटायचं. एका कडेला पोलीस भरतीची पोरं-पोरी पळायची, दुसरीकडे खो-खोचे खांब, मध्येच कुठल्याशा सभेसाठी घातलेल्या मंडपाचे बांबू अजून रोवलेले. त्या सगळ्या गर्दीत एका जाळीच्या आत तो दिवस चढेपर्यंत चेंडू टाकत राहायचा. शिबिर संपताना प्रशिक्षक मला म्हणाले, "दिवाळीनंतर जिल्ह्याची निवड आहे. ह्याला घेऊन यायचं. जिम्मा तुझा."

दिवाळीनंतर. तोवर तर ट्रक निघून गेलेले असणार होते.

ती गोष्ट माझ्या वडिलांनी त्याच्या वडिलांना सांगितली. दोस्ताचे वडील एका संध्याकाळी आमच्या घरी आले. ओसरीत न बसता आत येऊन खुर्चीवर बसले. आईनं चहा दिला आणि त्यांनी घेतला. त्याआधी त्यांनी आमच्या घरी पाणी घेतलेलंही मी पाहिलं नव्हतं. चहा संपेपर्यंत ते बशीकडेच बघत होते. मग म्हणाले, "गुरुजी, तुमच्या बापानं पोरं शाळंत घातली. माझ्या बापानं बैलं घेतली. आता एक पोरगं बैलापासून काढून बघू. औंदा ऱ्हाऊ द्या त्येला तुमच्याकडं."

त्या वर्षी ट्रक गेले आणि तो मागे राहिला. आमच्या घरी झोपायचा, आईच्या हातचं जेवायचा. थंडीतलं रिकामं गाव त्यानं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. "लई गप गप हाय बे गाव," पहिल्याच सकाळी म्हणाला. संध्याकाळी त्याला करमायचं नाही. मग तो आमच्या घरामागच्या भिंतीवर कोळशानं तीन रेघा ओढून अंधार पडेस्तोवर चेंडू मारत बसायचा.

निवड चाचणी बीडच्या स्टेडियमवर झाली. मी बाहेर पायऱ्यांवर बसून बघत होतो. पांढऱ्या कपड्यांतली, हेल्मेट घातलेली शहरातली पोरं एकेक करून पुढे यायची आणि चुकायची. एक जण चिडून म्हणाला, "सर, हा चेंडू सोडतो कधी तेच दिसत नाही." प्रशिक्षक माझ्याकडे बघून हसले. जिल्ह्याच्या संघात त्याचं नाव आलं. आईनं शेवयांची खीर केली. पुढचे सामने पुण्याकडे होते. जिथं परदेशी संघ येऊन खेळतात त्या मोठ्या स्टेडियमच्या शेजारी सरावाचं मैदान होतं, त्यावर. प्रशिक्षकांनी त्याला स्वतःजवळचा एक पांढरा सदरा आणि बूट दिले.

आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी वडिलांच्या मोबाइलवर मुकादमाचा फोन आला. ऊसतोडीची टोळी जमवणारा, नेणारा तो मुकादम. चिखलात बैलगाडी कलंडली होती आणि भरल्या गाडीचं चाक दोस्ताच्या वडिलांच्या पायावरून गेलं होतं. पाय वाचला, पण हंगाम गेला.

ज्यांनी ऊसतोड बघितली नाही त्यांना एक सांगायला हवं. तिथं माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधून गाडीपर्यंत न्यायची. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. त्याची आई त्या दुपारपासून अर्धा कोयता झाली होती.

वडील म्हणाले, "मी बोलतो मुकादमाशी. एवढे सामने होऊन जाऊ दे. चार-आठ दिवसांनी काय फरक पडतो?"

तो म्हणाला, "गुरुजी, आई एकटी तोडती तिकडं. मोळी कोण बांधंल?"

मी त्याच्यावर ओरडलो. काय काय बोललो ते आता नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की त्यानं सदरा घडी घालून आमच्या बाजेवर ठेवला, त्यावर बूट ठेवले, मग बूट धुळीचे आहेत म्हणून उचलून खाली ठेवले. सकाळच्या एसटीनं तो गेला. पुण्याच्या नाही, कारखान्याकडं जाणाऱ्या. प्रशिक्षकांना मीच कळवलं. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी त्याच्या वडिलांचा पाय तसाच होता. ते टेकत टेकत चालायचे, पण उसाच्या फडात उभं राहता येत नव्हतं. आईही खंगली होती. त्या उन्हाळ्यात त्याचं लग्न लावलं. शेजारच्या गावातली पोरगी, आमच्यापेक्षा लहान. मांडवात मुकादमाला सगळ्यांत पुढची खुर्ची दिली होती. अक्षता पडल्या तेव्हा माझ्यामागे कोणीतरी समाधानानं म्हणालं, "झाला बाबा कोयता पुरा."

मी शिकायला बाहेर पडलो, परीक्षा देत राहिलो, बँकेत लागलो. उन्हाळ्यात गावी गेलो की सुरुवातीला तो मैदानावर दिसायचा. मग दिसेनासा झाला. त्याला उन्हाळ्यातही विहिरींच्या खोदकामावर जावं लागायचं. खेळायला ये म्हटलं की म्हणायचा, "पाठ लई भरून येती बे. तुमी खेळा."

मग माझी नेमणूक पुण्याला असताना एका डिसेंबरमध्ये त्याचा फोन आला. आवाजात खूप वर्षांनी काहीतरी होतं.

"दोस्ता, औंदा आमचा अड्डा तुझ्याकडं पडलाय. कुठं म्हाईत हाय का? फडातून स्टेडियमचे खांब दिसत्यात!"

रविवारी मी गेलो. महामार्ग सोडून आत वळलं की डोंगराच्या पायथ्याशी ते प्रचंड मैदान, आणि त्याच्या पलीकडे ओढा ओलांडला की ऊस. उसाच्या कडेला टोळीच्या राहायच्या, पाचट आणि ताडपत्रीच्या कोप्या. त्याची बायको तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करत होती. "या भावजी," म्हणाली आणि बसायला पोतं झटकून दिलं. तो अंघोळ करून बसला होता, पण नखांतली काळपट चिकटी तशीच होती. आमच्या डोक्यावर ते दिव्यांचे खांब उभे होते. कोपीतून बाहेर आलं की पहिल्यांदा तेच दिसायचे.

"आवाज येतो का रे इथवर?"

"येतो की. मागच्या आठवड्यात लई ओरडा झाला. पर मला ताळच लागंना. चौकार झाला तर ओरडून गप व्हत्यात. विकेट पडली तर जरा जास्त. हे तर नुसतं चालूच. कावून बे?"

"फुटबॉल होता तो."

"तिथं फुटबॉल बी खेळत्यात?"

"सगळंच होतं तिथं. शर्यती होतात, गाण्याचे कार्यक्रम होतात."

तो हसला. "मी आपला चार दिवस इचार करतोय, कोण आउट होईना म्हणून."

फेब्रुवारीत तिथं कसोटी सामना होता. मला ऑफिसातून दोन पास मिळाले. मी मुकादमाला स्वतः फोन केला, साहेब म्हणून ओळख सांगितली. तो म्हणाला, एक दिवस सुट्टी देतो. दोस्तानं लग्नातला पांढरा शर्ट घातला होता. फाटकावर रखवालदारानं त्याच्या खिशातली तंबाखू आणि चुन्याची डबी काढून घेतली. त्यानं गुपचूप दिली आणि रखवालदारालाच नमस्कार केला.

आम्ही वरच्या मजल्यावर बसलो. दिवस कामाचा, गर्दी बेताचीच. तो किती तरी वेळ नुसता मैदानाकडे बघत होता. मग म्हणाला, "एवढं हिरवं गवत, आन एक बी जनावर न्हाई." पहिला तास वेगवान गोलंदाजांचा गेला, त्यात त्याला रस नव्हता. मग डावखुरा फिरकीवाला आला. दोस्त पुढे सरकून बसला. गुडघ्यावर ठेवलेला त्याचा डावा हात चेंडूबरोबर वळत होता. एक चेंडू असा पडला की फलंदाज पुढे आला आणि नुसता हवेत बॅट फिरवून बसला. सगळं स्टेडियम 'अरे' म्हणालं. मला शेजारी श्वास ऐकू आला.

जेवणाच्या सुट्टीत मी सहज म्हणालो, "तू कसा धरायचास रे? दाखव ना एकदा."

त्यानं डावा हात समोर धरला. पहिली दोन बोटं फाकवायची होती. ती फाकली नाहीत. चारही बोटं अर्धवट मिटलेलीच राहिली, कोयत्याच्या मुठीएवढी जागा आत ठेवून. त्यानं उजव्या हातानं पहिलं बोट धरून सरळ केलं. सोडल्यावर ते टकदिशी परत वाकलं. त्यानं पुन्हा केलं. पुन्हा वाकलं.

"बघ. एवढीच उघडत्यात."

"कधीपासून?"

"झाले की दोन-तीन हंगाम. सकाळी तर उघडतच न्हाईत, गरम पाण्यात घालावी लागत्यात."

"डॉक्टरला दाखवलं का?"

"दाखवलं. म्हणला, कोयता बंद करा."

तो हे सांगताना हसला आणि मलाही हसू आलं. खेळ परत सुरू झाला, तोच फिरकीवाला टाकत होता, पण दोस्ताचं लक्ष नव्हतं. तो मैदानाच्या वरून, समोरच्या उघड्या बाजूनं पलीकडे बघत होता. तिथून ओढा दिसत होता आणि ओढ्यापलीकडे निम्मा तोडलेला उसाचा फड. फडात मुंगीएवढी माणसं हलत होती.

"ती बघ," तो म्हणाला. "हिरव्या लुगड्याची. तुझी वहिनी."

मला काही केल्या ती ओळखू येईना. त्याला दिसत होती. ती एकटीच तोडत होती, एकटीच मोळी बांधत होती, आणि डोक्यावर घेऊन गाडीकडे जात होती. मुकादमानं सुट्टी त्याला दिली होती, त्यांच्या कोयत्याला दिली नव्हती.

तो उठला. "चल. मी जातो."

"अरे, अजून निम्मा दिवस आहे."

"तू बघ. मी जातो."

मीही उठलो. आम्ही जिन्यात पोचलो तेव्हा मागे एकदम गर्जना झाली. माणसं उभी राहिली, कुणीतरी बाद झालं होतं. मी वळून पाहिलं. तो उतरतच राहिला.

ओढ्याच्या वाटेवर त्यानं मला विचारलं. थांबून, माझ्याकडे बघून.

"खरं सांग. तू कीपर व्हतास. मी तिथवर गेलो असतो का?"

हो म्हणालो असतो तर तो काय घेऊन त्या कोपीत झोपला असता? आणि नाही म्हणालो असतो, तर त्याच्याजवळ एवढी एकच गोष्ट होती, ती मी काढून घेतली असती. उसाची पानं सळसळत होती.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"न्हाई ना?" त्यानं मान हलवली. "मला बी म्हाईत न्हाई."

मग तो शर्टाच्या बाह्या वर करत फडात शिरला.

पुढच्या हंगामात त्यानं मुकादमाला सांगून अड्डा बदलून घेतला. कर्नाटकात गेला. फोन कमी झाले. त्याचे वडील वारले तेव्हा मी गेलो होतो, माझी आई गेली तेव्हा तो कारखान्यावर होता. बीडचे ते प्रशिक्षकही आता नाहीत. मी काही वर्षांनी बदली मागून बीडला आलो. स्टेडियम माझ्या घरापासून जवळ आहे, पण मी तिकडे फिरायला जात नाही.

ह्या उन्हाळ्यात तलवाड्याला गेलो तेव्हा आधी त्याच्या घरी गेलो. वहिनी एकटीच होती. चाळिशीही आली नाही, पण कंबर धरूनच उठली. म्हणाली, "भावजी, औंदापासून ह्यांना घरीच ठेवायचं म्हणतोय मुकादम. हातात कोयता ऱ्हात न्हाई, निसटतो. मी आन थोरला पोरगा जाणार."

"थोरला बारावीला ना?"

"व्हता," ती म्हणाली.

तो मैदानावर असेल म्हणाली. गावात टेनिस बॉलची स्पर्धा चालू होती. लाउडस्पीकर, कमानी, बक्षिसाच्या रकमेचे मोठाले फलक. तो लिंबाखाली टेकून बसला होता. मी शेजारी बसलो. थोड्या वेळानं दोन पोरं पळत आली. पंच म्हणून उभा राहणारा माणूस आला नव्हता.

"काका, तुमी उभं ऱ्हाता का? तुमी खेळत होता का पयलं?"

"न्हाई बाबा," तो म्हणाला. "आमाला कुठला येळ. मला त्यातलं काय कळत न्हाई."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "अरे, हा जिल्ह्याच्या संघात निवडला गेला होता. ह्याच्यासारखी फिरकी तुम्ही बघितली नसेल."

पोरांनी त्याच्याकडे बघितलं. मळका पायजमा, विझलेली बिडी, मिटलेला हात. मग माझ्याकडे बघितलं.

"साहेब हाय त्यो," दोस्त पोरांना म्हणाला, अगदी शांतपणे. "बीडहून आलाय. चेष्टा करतोय."

पोरं हसली आणि दुसरा पंच शोधायला पळाली. मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो चिडला नव्हता, लाजलाही नव्हता. ती गोष्ट झालीच नाही असं त्यानं कधीतरी ठरवून टाकलं होतं आणि आता त्याला ते खरं वाटत होतं. ती झाली हे सांगणारा मी एकटाच उरलो होतो, आणि तोच मला खोटं पाडत होता.

सामना संपल्यावर आम्ही घरी जाऊन चहा घेतला. मी निघताना तो फाट्यापर्यंत सोडायला आला. एसटी दिसली तेव्हा म्हणाला, "एक बघ की. बीडला त्या स्टेडियमवर राखणदार ठेवत्यात का? उजव्या हातानं काठी धरता येती मला. झाडून बी काढीन."

मी चौकशी केली. दोन-तीन जणांना भेटलो. माणसं गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, घेतो म्हणाले. गुत्तेदार म्हणाला, जागा भरल्यात, आणि हात चांगला असलेलीच माणसं रांगेत उभी आहेत.

संध्याकाळी फोन करून त्याला सांगितलं.

"बरं," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "जेवलास का?"